१७९५ की ७०३? संख्या तीच, लेखन वेगळे

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव मराठी माणसाच्या स्मरणात आहे ते एका सालामुळे. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली, निजामाचा पराभव झाला आणि त्याला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. शाळेच्या पुस्तकातून १७९५ ही संख्या त्यामुळे अनेकांच्या तोंडी बसली आहे. त्या काळच्या मराठी कारकुनाने मात्र तो दिवस शके १७१६ असा लिहिला असता. कालगणना बदलली की संख्याच बदलते. येथे विषय आहे तो त्याहून निराळ्या बदलाचा. संख्या तीच ठेवायची आणि ती लिहिण्याची रीत तेवढी बदलायची. दहाच्या पटींत लिहिण्याऐवजी सोळाच्या पटींत लिहिले, तर १७९५ चे लेखन ७०३ असे होते. अशा वेळी त्या संख्येचे कोणते गुण टिकतात आणि कोणते गळून पडतात?

प्रश्न वरवर खेळकर वाटतो. पण महाराष्ट्रातील एका शाळामास्तराने या प्रश्नाभोवती आयुष्य वेचले आणि त्यांच्या कामाचे मोल काय, हा वादही याच प्रश्नाशी येऊन थांबतो.

आणे, पै आणि पाया

आपण १७९५ लिहितो तेव्हा १ हजार, ७ शतके, ९ दशके आणि ५ एकके असा हिशेब मनात असतो. प्रत्येक घर उजवीकडच्या घराच्या दसपट. या दहाला पद्धतीचा ‘पाया’ म्हणतात. पाया दहाच असला पाहिजे असा काही नियम नाही. दहा बोटांखेरीज त्याला भक्कम कारणही सापडत नाही. पाया सोळा घेतला तर घरे १, १६, २५६ अशी वाढत जातात. १७९५ मध्ये २५६ सात वेळा जातात (१७९२), सोळा एकदाही जात नाहीत आणि तीन उरतात. म्हणून ७०३. हा आकडा ‘सातशे तीन’ असा वाचायचा नाही. ‘सात-शून्य-तीन’ असा वाचायचा.

ज्यांनी जुना बाजार पाहिला त्यांना सोळाचा पाया परका वाटू नये. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला, तोपर्यंत प्रत्येक वाणी सोळा आणि बारा या दोन पायांत रोज बेरजा-वजाबाक्या करीत होता. १७९५ आणे म्हणजे ११२ रुपये ३ आणे. १७९५ पै म्हणजे ९ रुपये ५ आणे ७ पै. रुपये दहाच्या पटींत, आणे सोळाच्या आणि पै बाराच्या, अशी ही मिश्र व्यवस्था होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी पाठ करून घेण्यामागे निव्वळ छळाचा हेतू नव्हता. त्या पाठांतराशिवाय हिशेब उरकत नसे.

मोडी आणि देवनागरी हिशेबांत आणे लिहिण्याची पद्धत तर याहून बारकाईची होती. पावलीसाठी, म्हणजे चार आण्यांसाठी, एक उभी रेघ आणि सुट्या आण्यासाठी एक छोटी तिरपी रेघ. सात आणे म्हणजे एक उभी आणि तीन तिरप्या. हे वस्तुतः चारच्या पायाचे लेखन आहे. चारच्या पायात सात ही संख्या १३ अशीच लिहितात. या रेघांना २००९ साली संगणकाच्या युनिकोड लिपिसंचात स्वतंत्र स्थान मिळाले. संगणकाने स्वतः मात्र दोनचा पाया स्वीकारला आणि माणसाला वाचता यावे म्हणून त्याच्या आकड्यांची चार-चारांची जुळणी करून सोळाचा. सोळाच्या पायात दहा ते पंधरा या संख्यांनाही एकेक चिन्ह लागते. पुढे सोयीसाठी ती घरे सुटी करून दाखविली आहेत, उदाहरणार्थ ७-१५-८.

काय बदलत नाही

१७९५ = ५ × ३५९, आणि ३५९ ही मूळ संख्या. कोणत्याही पायात लिहा, तेवढ्याच वस्तूंच्या पाच समान राशी करता येतील आणि सहा करता येणार नाहीत. संख्या विषम आहे हेही बदलत नाही. बदलते ते केवळ ओळखण्याचे चिन्ह. दशमान लेखनात शेवटचा ५ पाहून पाचने भाग जातो हे कळते. पाचच्या पायात तीच संख्या २४१४० अशी होते आणि शेवटचे शून्य तीच बातमी देते. सोळाच्या पायात शेवटी ३ येतो, त्यावरून पाचविषयी काहीच उलगडत नाही. तेथे आकड्यांची बेरीज उपयोगी पडते. ७ + ० + ३ = १०, आणि दहाला पाचने भाग जातो, म्हणून मूळ संख्येलाही जातो. दहाच्या पायात नऊसाठी (आणि तीनसाठी) जी कसोटी आपण शाळेत शिकतो, ती सोळाच्या पायात पंधरासाठी, म्हणून तीन आणि पाचसाठीही, चालते. नऊ या अंकाची म्हणून जी काही जादू सांगितली जाते, ती खरे तर ‘पायाहून एक कमी’ या स्थानाची आहे.

देवळालीचे मास्तर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढचे, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक आणि १९२९ साली पदवी. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत होते. उरलेल्या वेळात, आणि बहुधा शिकवीत असतानाही, ते अंकांशी बोलत. १९८६ साली त्यांचे निधन झाले. डोंबिवलीच्या नावावरून त्यांनी एका संख्याकुळाला ‘डेम्लो’ हे नाव दिले, यावरून त्यांचा स्वभाव कळतो.

त्यांचे सर्वांत गाजलेले फलित ६१७४ हे आहे. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ते त्यांनी मांडले आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. खर्ड्याचे साल घेतले तर असे घडते :

९७५१ − १५७९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ हलत नाही. कोणत्याही संख्येला सातापेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत. १७९५ ला सहा लागल्या.

तीन अंकी संख्यांचा असाच थांबा ४९५ आहे, आणि तो का आहे हे कागद-पेन्सिलीने समजून घेता येते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतील फरक काढला की वजाबाकीचे उत्तर नेहमी त्या फरकाच्या ९९ पट येते. मधला अंक कोणताही असो, तो वजाबाकीत नाहीसा होतो. ९९ च्या पटींत मध्ये सदैव ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीज ९ असते (९९ हे ०९९ असे लिहावे). त्यामुळे पुढच्या पायरीला मोठा अंक ९ ठरलेलाच. प्रश्न उरतो लहान अंकाचा. फरक ५ च्या वर असला तर तो दर पायरीला एकाने उतरतो, खाली असला तर एका उडीत वर जातो, आणि शेवटी ५ वर स्थिरावतो. ९९ × ५ = ४९५.

आता हाच युक्तिवाद सोळाच्या पायात करावा. ९९ च्या जागी २५५ येतात, मधल्या ९ च्या जागी १५ येतो आणि फरक पायाच्या निम्म्यावर, म्हणजे ८ वर, स्थिरावतो. २५५ × ८ = २०४०, सोळाच्या पायात ७-१५-८. ७०३ वर प्रयोग केला तर प्रथम ६-१५-९ मिळतात, मग ८-१५-७ आणि तिसऱ्या पायरीला ७-१५-८. बाराच्या पायात त्याच न्यायाने ५-११-६ मिळतात. पाया विषम असेल तर मात्र गाडी एका ठिकाणी उभी राहत नाही, कारण विषम संख्येला पूर्णांकी निम्मे नसते. नऊच्या पायात ती ४८४ आणि ३८५ या दोन स्थानकांमध्ये कायम ये-जा करते.

थोडक्यात, ४९५ हा दहाच्या पायातला एक विशेष आकडा खरा, पण त्याच्या मागचा नियम दहाचा मिंधा नाही. चार अंकांचे प्रकरण अधिक अवघड आहे. पायाला पाचने भाग जात असेल तर ६१७४ चा भाऊबंद हमखास सापडतो. पाचच्या पायात ३०३२, पंधराच्या पायात ९-२-११-६. तो सापडला म्हणजे प्रत्येक संख्या त्याच्याकडेच ओढली जाईल असे नव्हे. कोणत्या पायांत तसे घडते याचा निकाल १९७८ साली हेल्मुट हासे या नामवंत जर्मन गणितज्ञाने जी. डी. प्रिचेट यांच्यासह प्रसिद्ध केला. देवळालीच्या शाळेतील खेळ विसाव्या शतकातील एका मातब्बर बीजगणितज्ञाच्या टेबलावर पोहोचला होता, ही गोष्ट मराठी वाचकांना पुरेशी सांगितली गेलेली नाही.

हर्षद

आकड्यांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला तर तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. पाश्चात्त्य पुस्तकांत याच संख्या बऱ्याचदा आयव्हन निव्हेन या गणितज्ञाच्या नावाने आढळतात. १९७७ सालच्या एका परिषदेत त्याने त्यांचा उल्लेख केला होता. संस्कृत नाव अधिक गोड आहे, याबद्दल दुमत होऊ नये.

१७९५ च्या अंकांची बेरीज २२. २२ ने भाग जात नाही, म्हणजे दशमानात ही संख्या हर्षद नाही. सोळाच्या पायात बेरीज १०, तेथेही नाही. दोनच्या पायात ती १११००००००११ अशी लिहितात. त्यात पाच एक आहेत, आणि पाचने भाग जातो. म्हणजे संगणकाच्या अंतर्गत लेखनात खर्ड्याचे साल हर्षद ठरते. १७९५ चे विभाजक चारच, १, ५, ३५९ आणि १७९५. अंकांची बेरीज यांपैकी एखादी यावी लागेल. या अटीवर तपासले तर दोनपासून शंभरपर्यंतच्या सर्व पायांत फक्त दोनच्याच पायात हा योग जुळतो.

हा गुण पायाप्रमाणे बदलतो हे उघड आहे. तरीही त्याविषयी सर्व पायांना लागू पडणारी विधाने करता येतात. १९९३ साली कूपर आणि केनेडी या दोघांनी सिद्ध केले की दशमानात ओळीने वीस हर्षद संख्या येऊ शकतात, एकवीस कधीच नाहीत. पुढच्याच वर्षी ग्रुंडमन यांनी दाखवून दिले की कोणत्याही पायात ही ओळ पायाच्या दुपटीपेक्षा लांब असू शकत नाही. वीस हा आकडा दहाच्या दुपटीमुळे आला होता.

स्वयंभू

कापरेकरांच्या साऱ्या कल्पनांत सर्वांत खोल कदाचित ही असेल. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. नवी संख्या जन्मते. १७७५ च्या अंकांची बेरीज २०, म्हणून १७७५ पासून १७९५. तीपासून १८१७, तीपासून १८३४, अशी वंशावळ पुढे चालते. काही संख्यांना मात्र असा जनक सापडतच नाही. २० घ्या. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येत नाहीत. अशा संख्येला कापरेकरांनी इंग्रजीत ‘सेल्फ नंबर’ म्हटले. मराठीत ती ‘स्वयंभू’. देवळालीच्या नावानेही त्या ओळखल्या जातात. १९६३ साली त्यांनी या विषयावरचे पुस्तक स्वखर्चाने छापले.

१७९५ दशमानात स्वयंभू नाही, कारण १७७५ हा तिचा जनक आहे. बाराच्या पायातही नाही. तेथे १७८३ (१-०-४-७, बेरीज १२) हा जनक मिळतो. दोनच्या पायात १७९२ मिळतो. सोळाच्या पायात काय होते ते पाहू. एखाद्या संख्येला पंधराने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागून उरते. या आधारे चाळणी लावली की जनक होऊ शकतील अशा तीनच संख्या उरतात : १७९०, १७७५ आणि १७६०. त्यांच्या सोळाच्या पायातील अंकांच्या बेरजा अनुक्रमे ३५, ३५ आणि २०. हव्या होत्या ५, २० आणि ३५. एकही जुळत नाही. सोळाच्या पायात खर्ड्याचे साल स्वयंभू आहे.

विषम पायांत तर ते तपासावेही लागत नाही. पाया विषम असला की संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज ही दोन्ही एकतर सम असतात नाहीतर विषम. दोहोंची मिळवणी प्रत्येक वेळी समच येते. म्हणजे तीन, पाच, सात, नऊ अशा प्रत्येक पायात सगळ्याच विषम संख्या स्वयंभू. हा गुण पायाच्या सम-विषमतेवर इतका अवलंबून आहे. तरीदेखील १९८२ साली उंबेर्तो झानिएर या इटालियन गणितज्ञाने दाखवून दिले की कोणताही पाया घेतला तरी स्वयंभू संख्या विरळ होत होत संपून जात नाहीत. सर्व संख्यांमध्ये त्यांचा निश्चित वाटा कायम राहतो.

सातशे तीनची गंमत

वर सांगितले की सोळाच्या पायातील ७०३ हे ‘सातशे तीन’ वाचू नये. पण चुकून वाचले तर एक योगायोग हाती लागतो. दशमानातील सातशे तीन ही कापरेकर संख्या आहे. ७०३ चा वर्ग ४९४२०९; त्याचे दोन तुकडे केले तर ४९४ + २०९ = ७०३. योगायोग इतकाच की १७९५ चे लेखन असे दिसते. ७०३ चा गुण स्वतः योगायोगाचा नाही. ७०३ ला ३७ ने भाग जातो, तिच्या आधीच्या ७०२ ला २७ ने, आणि ३७ × २७ = ९९९. यामुळे ७०३ × ७०२ ही संख्या ९९९ च्या नेमकी ४९४ पट होते. तोच आपला पहिला तुकडा. १००० मधून ७०३ वजा केले की २९७ उरतात, आणि तीही कापरेकर संख्याच : ८८२०९, ८८ + २०९.

सोळाच्या पायात ९९९ चे काम एका घरापुरते १५ करतात. १५ = ३ × ५, म्हणून तेथे ६ आणि १० या कापरेकर संख्या मिळतात. जुन्या नाण्यांत सांगायचे तर ६ चा वर्ग ३६, आणि ३६ आणे म्हणजे २ रुपये ४ आणे; २ + ४ = ६. १० चा वर्ग १००, आणि १०० आणे म्हणजे ६ रुपये ४ आणे; ६ + ४ = १०. पंधराचेही तसेच : २२५ आणे म्हणजे १४ रुपये १ आणा. बाराच्या पायात, म्हणजे पैच्या हिशेबात, एकाखेरीज फक्त ११ हाती लागतो, कारण पायाहून एक कमी असलेले ११ मूळच आहेत. त्यांचे तुकडे पडत नाहीत. कोणत्या पायात किती कापरेकर संख्या मिळणार हे अशा रीतीने विभाजकांवरून आधीच सांगता येते. दशमानातील सर्व कापरेकर संख्यांची या मार्गाने केलेली मांडणी डग्लस इयानुची यांनी २००० साली प्रसिद्ध केली.

आक्षेप

केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचा दाखला दिला होता. या दोन संख्या स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत (४ × २१७८ आणि ९ × १०८९). वर्तमानपत्राच्या कोड्यांना असे आकडे शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही घेण्यासारखे नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. कापरेकरांचे नाव त्यात नाही. परंतु भारतातील अनेक प्राध्यापकांनी कापरेकरांकडे याच नजरेने पाहिले. बोटे आठ असती तर ६१७४ कुठे असते, हा प्रश्न रास्तही आहे.

आक्षेपाचा पहिला भाग मान्य करायला हवा. ६१७४ हा निसर्गाचा स्थिरांक नाही. तो दहा या पायाचा आहे. दुसरा भाग मात्र टिकत नाही. कापरेकरांनी दिलेल्या व्याख्या कोणत्याही पायात जशाच्या तशा नेता येतात, आणि नेल्यावर उत्तरे बदलतात ती का व कशी हे सांगावे लागते. ते सांगण्यासाठी विभाजक, सम-विषमता, बाकी अशा अस्सल गणिती साधनांचाच आधार घ्यावा लागतो. ८७१२ मध्ये हार्डींना न दिसलेली वाट येथे दिसते. कापरेकरांनी स्वतः ही वाट शेवटपर्यंत चालून दाखविली नाही, त्यांचे मन दशमानातच अधिक रमले, हेही तितकेच खरे. त्यांच्या हयातीत त्यांना खरी ओळख मिळाली ती विद्यापीठांकडून नव्हे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते आणि निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

स्वयंभू संख्यांचे त्यांचे पुस्तक छापले गेले ते साल, १९६३, दशमानात स्वतःच स्वयंभू आहे. १९५८, १९४९, १९४० आणि १९३१ हे चार उमेदवार तपासले की खात्री पटते. एकही जनक ठरत नाही. सोळाच्या पायात मात्र १९३४ ची मांडणी ७-८-१४ अशी होते, बेरीज २९, आणि १९३४ + २९ = १९६३. खर्ड्याच्या सालाचे नेमके उलट.